पोषणशास्त्राचे उच्च अध्ययन

आहाराविषयी ज्याला स्वतःचे मत नाही असा मनुष्य विरळाच. काय पथ्याचे आणि काय बाधक, कोणत्या ऋतूत काय खावे, बाळंतिणीला काय द्यावे, यांविषयीचे ज्ञान घरोघरी परंपरेने चालत आलेले असते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला न भेडसावणारी अशी एक अडचण त्यामुळे पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे सुरुवातीसच उभी राहते. आपल्याला या विषयातील बरेचसे आधीच ठाऊक आहे, असे त्याला वाटत असते. पदवी परीक्षेपर्यंतच्या अभ्यासक्रमाने या समजुतीला फारसा धक्का बसत नाही. अन्नघटक, त्यांची कार्ये, त्यांच्या अभावी जडणारे रोग आणि निरनिराळ्या वयोगटांसाठी शिफारस केलेली प्रमाणे यांची माहिती तो संपादन करतो. पदव्युत्तर अध्ययनात मात्र प्रश्नच बदलतात. ही प्रमाणे कोणी आणि कशावरून ठरविली? अमुक रोग अमुक घटकाच्या अभावाने होतो, हे कसे कळले? तो निष्कर्ष चुकीचा नाही याची खातरजमा कशी करावयाची? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची शिस्त अंगी बाणवणे हे उच्च अध्ययनाचे खरे उद्दिष्ट होय.

या शिस्तीचा एक भाग जैववैद्यकाकडून येतो. शरीरक्रियाविज्ञान, जीवरसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि आनुवंशिकी या शास्त्रांच्या साहाय्याने रोगाची कारणमीमांसा करणे हे जैववैद्यकाचे क्षेत्र आहे. दुसरा भाग सांख्यिकी व रोगपरिस्थितिविज्ञान यांच्याकडून येतो, तर तिसरा भाग अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांच्याकडून. भारतात या विषयाची परंपरा दोन प्रवाहांनी विकसित झाली. संशोधनाचा प्रवाह निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे सुरू झाला. तेथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एक छोटे केंद्र उघडले. १९२८ मध्ये त्याचे पोषण संशोधन प्रयोगशाळेत रूपांतर झाले. १९५८ मध्ये ही संस्था हैदराबादला हलविण्यात आली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. अध्यापनाचा प्रवाह मुख्यतः गृहविज्ञान महाविद्यालयांतून वाहत राहिला. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ मध्ये स्थापन झाले. पुढे बडोदे, कोइमतूर इत्यादी ठिकाणीही आहार व पोषण या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले. आज विद्यार्थी यांपैकी कोणत्याही वाटेने आला, तरी त्याला प्रयोगशाळा, रुग्णालय आणि गाव या तिन्ही ठिकाणी काम करावे लागते. तिन्हींची आवश्यकता का आहे, हे काही प्रत्यक्ष उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

मुंबईतील गरोदर स्त्रिया

१९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या अनेक स्त्रियांना गरोदरपणी तीव्र पांडुरोग होत असे आणि त्यात पुष्कळ जणी दगावत. या पांडुरोगात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटत असे. पण उरलेल्या पेशी मात्र नेहमीपेक्षा आकाराने मोठ्या असत. प्रारंभी जंतुसंसर्गाची शंका घेण्यात आली, पण तसा पुरावा मिळाला नाही. तेव्हा विल्स यांनी या स्त्रियांच्या घरची परिस्थिती आणि आहार यांची पाहणी केली. जिथे आहार निकृष्ट, तिथे हा रोग अधिक, असे दिसून आले. त्याच प्रकारचा निकृष्ट आहार प्रयोगशाळेतील प्राण्यांना देऊन त्यांनी पाहिला. अखेर यीस्टचा अर्क दिल्यावर रुग्ण स्त्रियांचे रक्त झपाट्याने सुधारते, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले.

इथवरची हकीकत बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. उच्च अध्ययनाला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. यकृताच्या सेवनाने घातक पांडुरोग बरा होतो, हे १९२६ मध्येच सिद्ध झाले होते. यीस्टमधील गुणकारी द्रव्य आणि यकृतातील द्रव्य एकच असावे, असे मानणे तेव्हा स्वाभाविक होते. परंतु यकृताचा साधा अर्क मुंबईच्या रुग्णांना गुणकारी ठरत असे, आणि त्याचा अधिक शुद्ध केलेला अर्क मात्र निष्प्रभ ठरत असे. घातक पांडुरोगावर हाच शुद्ध अर्क प्रभावी होता. याचा अर्थ उघड होता. द्रव्ये दोन होती आणि शुद्धीकरणात त्यांतील एक गळून पडत होते. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढलेले फॉलिक आम्ल आणि १९४८ मध्ये यकृतातून मिळविलेले जीवनसत्त्व ब-१२ ही ती दोन द्रव्ये होत. फॉलिक आम्लाने ब-१२ च्या अभावामुळे झालेला पांडुरोगही सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी थांबत नाही. रक्त चांगले दिसू लागल्याने मूळ रोग झाकला जातो आणि हातापायांतील संवेदना हळूहळू नष्ट होत जाते. उपचार लागू पडला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, हा धडा विद्यार्थ्याला येथे मिळतो. आणि हा धडा न शिकल्यास रुग्णाला त्याची केवढी किंमत द्यावी लागते, तेही दिसते.

मका, ज्वारी आणि पेलाग्रा

त्वचेचा दाह, अतिसार आणि बुद्धिभ्रंश ही पेलाग्रा या रोगाची लक्षणे होत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने थैमान घातले होते. तो सांसर्गिक आहे, असा तेथील बहुतेक वैद्यांचा ग्रह होता. १९१४ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे या रोगाच्या अन्वेषणाचे काम सोपविण्यात आले. ज्या अनाथालयांत आणि मनोरुग्णालयांत रोगी मोठ्या संख्येने होते, तेथील परिचारकांना तो होत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी हेरली. १९१५ मध्ये मिसिसिपी राज्यातील तुरुंगात अकरा कैद्यांना मक्याचे प्राबल्य असलेला निकृष्ट आहार देण्यात आला. त्यांतील सहा जणांना पेलाग्रा झाला. या कैद्यांना त्याच्या मोबदल्यात शिक्षामाफीचे वचन देण्यात आले होते. आजची कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला संमती देणार नाही. मोकळीक मिळविण्यासाठी बंदिवानाने दिलेली अनुमती खरोखर स्वेच्छेची असते काय, हा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाचा आराखडा लिहितानाच विचारात घ्यावयाचा असतो.

पुढे गोल्डबर्गर यांनी एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाच्या साहाय्याने दक्षिण कॅरोलिनातील गिरणीगावांची घरोघर पाहणी केली. कुटुंबाचे उत्पन्न जसजसे कमी, तसतसे पेलाग्राचे प्रमाण अधिक, असे त्यांना आढळले. रोगाचे रासायनिक कारण मात्र गोल्डबर्गर यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, कॉनरॅड एल्वेहेम यांना सापडले. निकोटिनिक आम्ल हे ते द्रव्य होय. मक्यातील निकोटिनिक आम्ल बांधलेल्या स्वरूपात असते, त्यामुळे ते शरीराला मिळत नाही. ट्रिप्टोफान या अमिनो आम्लापासून शरीर ते तयार करू शकते. पण मक्यात ट्रिप्टोफानही थोडेच असते. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत. त्यामुळे बांधलेले आम्ल मोकळे होई आणि मका खाऊनही ते या रोगापासून बचावत.

भारतात हा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. दख्खनच्या पठारावर मका हे मुख्य अन्न नाही. तेथील गरिबाची भाकरी ज्वारीची. तरीही तेथे पेलाग्राचे रुग्ण आढळत. ज्वारीत निकोटिनिक आम्ल पुरेसे असते. मग हा रोग का व्हावा? सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे सुचविले, की ज्वारीत ल्युसिन या अमिनो आम्लाचे आधिक्य असते आणि त्यामुळे ट्रिप्टोफानपासून निकोटिनिक आम्ल बनण्याच्या क्रियेत अडथळा येतो. ही कल्पना महत्त्वाची होती, कारण रोग केवळ अभावाने होतो असे नसून अन्नघटकांच्या असमतोलानेही होऊ शकतो, असे तिच्यात सूचित होते. मात्र पुढील काळात अन्य प्रयोगशाळांतून निघालेले निष्कर्ष एकसारखे आले नाहीत आणि जीवनसत्त्व ब-६ च्या भूमिकेकडेही लक्ष वेधले गेले. पदव्युत्तर वर्गात हा वाद निकालाचा विषय म्हणून शिकवण्यात अर्थ नसतो. प्रत्येक प्रयोगात प्राणी कोणते होते, मूळ आहार काय होता, ल्युसिन किती दिले, हे मूळ निबंधांतून पडताळून पाहावे आणि मतभेद नेमका कोठे उत्पन्न होतो ते शोधावे, यासाठी तो अभ्यासावयाचा असतो.

सरासरी आणि रेषा

पोषणशास्त्रातील पुष्कळसे वाद प्रयोगशाळेत सुटत नाहीत, कारण ते मोजमापाचे वाद असतात. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांच्या तुटवड्याचे संकट ओढवत असल्याचा इशारा दिला. त्या काळात प्रथिनयुक्त विशेष खाद्ये बनविण्याच्या अनेक योजना आखण्यात आल्या. या विचारसरणीला ज्यांनी आव्हान दिले त्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रभागी होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत १९५१ पासून सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात, त्यांच्या आहारात बहुधा एकूण उष्मांकच कमी पडतात. आणि पोटभर अन्न मिळाले नाही तर शरीर प्रथिनेही इंधनाप्रमाणे जाळून टाकते, असे त्यांचे म्हणणे होते. हैदराबादच्या परिसरातील खेड्यांतून झालेल्या एका प्रयोगाने या मताला बळकटी आली. कुपोषित बालकांना कणीक, साखर व तेल यांचा पदार्थ देण्यात आला. त्यातून रोज सुमारे ३१० कॅलरी आणि केवळ ३ ग्रॅम प्रथिने मिळत. तेवढ्याने मुलांची वाढ लक्षणीय सुधारल्याचे १९७३ मध्ये गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्‌लारेन यांनी एका गाजलेल्या निबंधात प्रथिन-मोहिमेची परखड चिकित्सा केली. गरीब देशांचा पैसा महागड्या खाद्यांवर खर्च व्हावा की साध्या धान्यावर, हे या वादात पणाला लागले होते.

परंतु पुढे सुखात्मे आणि गोपालन यांच्यातच तीव्र मतभेद झाले. समजा, एखाद्या गटाची उष्मांकांची सरासरी गरज ठरविली आणि त्याहून कमी खाणाऱ्या प्रत्येकास अर्धपोटी म्हटले, तर सुस्थितीतील लोकांपैकी जवळजवळ निम्मे लोक अर्धपोटी ठरतील, कारण कित्येकांची गरज मुळात सरासरीहून कमीच असते. शिवाय एकाच व्यक्तीचे सेवन आणि व्यय दिवसागणिक बदलतात आणि शरीर त्यांचा मेळ काही मर्यादेपर्यंत आपोआप घालते, असे सुखात्मे यांचे प्रतिपादन होते. म्हणून रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढावी, असे ते म्हणत. या गणिताने उपाशी लोकांची संख्या एकदम घटते. गोपालन यांचा आक्षेप असा, की वाढ खुंटवून तग धरणारे मूल जगते हे खरे. पण त्याला निरोगी म्हणता येत नाही. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी दरडोई २४००, तर नागरी भागासाठी २१०० कॅलरी हे प्रमाण दारिद्र्यरेषेचा आधार म्हणून मान्य केले. रेषा थोडी सरकली तर कोट्यवधी माणसे तिच्या या बाजूस वा त्या बाजूस जातात. सांख्यिकीचा पाठ नीरस मानणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानी ठेवणे इष्ट होय.

माणसे किती खातात आणि किती ऊर्जा खर्च करतात, हेही सहजी कळत नाही. कालच्या चोवीस तासांत काय खाल्ले, असे विचारल्यास लोक विसरतात, किंवा अतिथीसमोर कमी-जास्त सांगतात. खर्च मोजण्याची एक युक्ती मात्र विलक्षण आहे. ज्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन्ही अणू नेहमीपेक्षा जड आहेत, असे निर्धोक पाणी व्यक्तीला पाजतात. जड हायड्रोजन शरीराबाहेर पाण्यावाटेच पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटे आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइडवाटेही पडतो. दोहोंच्या घटण्याच्या वेगातील अंतरावरून कार्बन डायऑक्साइडची निर्मिती, आणि तिच्यावरून ऊर्जेचा व्यय काढता येतो. व्यक्तीने फक्त लघवीचे नमुने द्यावयाचे असतात. तिचे दैनंदिन काम थांबत नाही. या पद्धतीने तपासता, लोकांनी स्वतः सांगितलेला आहार पुष्कळदा प्रत्यक्षाहून कमी असल्याचे दिसून आले आहे.

प्रयोगाची कसोटी

फळे व हिरव्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, अशी निरीक्षणे पूर्वीपासून होती. बीटा-कॅरोटीन हे त्याचे कारण असावे, अशी अटकळ बांधण्यात आली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग झाला. कोणाला बीटा-कॅरोटीन आणि कोणाला निर्गुण गोळी द्यावयाची, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविण्यात आले होते. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत कर्करोग कमी न होता १८ टक्क्यांनी अधिक झाला होता. भाज्या खाणाऱ्या माणसाचे राहणीमान, व्यसने आणि अन्य सवयीही वेगळ्या असतात. एका द्रव्याला सारे श्रेय देणे धोक्याचे असते. याउलट, ज्या मातांना मेंदू व पाठीचा कणा यांच्या घडणीतील दोष असलेले मूल पूर्वी झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक आम्ल दिल्यास हा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१ मध्ये अशाच प्रयोगाने सिद्ध झाले. विल्स यांचा मुंबईतील शोध साठ वर्षांनी असा नव्या उपयोगास आला.

हिमालयाच्या पायथ्याशी कांग्रा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५६ पासून केलेला प्रयोगही अभ्यसनीय आहे. तेथे गलगंड मोठ्या प्रमाणावर आढळत असे. खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ आणि तिसऱ्यात साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंड स्पष्टपणे घटला. त्यानंतर तिसऱ्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तेथेही तो घटला. साध्या मिठाच्या विभागाशी तुलना करता आली नसती, तर निष्कर्ष निर्विवाद ठरला नसता. आणि लाभ सिद्ध झाल्यावर त्या विभागास वंचित ठेवणे अन्यायाचे झाले असते. प्रयोग केव्हा सुरू करावा याइतकेच तो केव्हा थांबवावा, हेही संशोधकाला ठरवावे लागते.

जन्मापूर्वीचे पोषण

आजच्या विद्यार्थ्यापुढील प्रश्न अधिक गुंतागुंतीचे आहेत. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये असे दाखविले, की कमी वजनाने जन्मलेल्या व पहिल्या वर्षात कमी वाढलेल्या पुरुषांत उतारवयात हृदयविकाराने मृत्यू अधिक होतात. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून सी. एस. याज्ञिक व सहकाऱ्यांनी मातांचा व त्यांच्या अपत्यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. पुण्याकडील बालकांचे स्नायू व अवयव लहान होते. पण त्वचेखालील चरबी त्या मानाने पुष्कळशी टिकून होती. मधुमेहाची भारतातील वाढ समजून घेण्यास हे निरीक्षण मार्गदर्शक ठरले. याच अभ्यासात, गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात फॉलेट अधिक आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहा वर्षांच्या वयात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली.

विल्स यांच्या काळातील ती दोन द्रव्ये येथे पुन्हा एकत्र येतात. गरोदर स्त्रीला फॉलिक आम्लाची गोळी देणे आवश्यक आहे, यात शंका नाही. दूध, अंडी, मांस फारसे न खाणाऱ्या समाजात तिला ब-१२ ची जोड द्यावी काय, हा प्रश्न मात्र या निरीक्षणातून उद्भवतो. निरीक्षणाला प्रयोगाची सिद्धता नसते, हे बीटा-कॅरोटीनच्या उदाहरणाने शिकविलेच आहे. तेव्हा प्रयोग आखावे लागतात, त्यांचे फळ पाहण्यास मुले मोठी व्हावी लागतात, आणि तोवर धोरण थांबत नाही. अपुऱ्या पुराव्यावर काय सांगावे आणि काय सांगू नये, हे ठरविण्याची जबाबदारी या शास्त्राच्या अभ्यासकावर येऊन पडते.

विद्यार्थ्याची तयारी

हे सारे लक्षात घेता पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या तयारीची दिशा स्पष्ट होते. चयापचयाचे मार्ग त्याला अवगत हवेत, अन्यथा ल्युसिनचा वाद त्याला कळणार नाही. सांख्यिकीचे तर्कशास्त्र हवे, नाहीतर सरासरी आणि रेषा यांतील भेद निसटेल. अन्नघटकांच्या कोष्टकांचा त्याने उपयोग करावा. पण त्यांतील आकडे कसे मिळाले, हेही जाणून घ्यावे. १९३७ मध्ये एक्रॉइड यांनी सिद्ध केलेल्या पुस्तिकेपासून २०१७ च्या, ५२८ खाद्यपदार्थांचा समावेश असलेल्या कोष्टकांपर्यंत या कामाची मोठी परंपरा आहे. तरीही जमीन, वाण, साठवण आणि शिजविण्याची रीत यांनुसार एकाच पदार्थाचे मूल्य बदलते. मुलाची उंची व दंडाचा घेर यांची मापे घेण्याचा सराव त्याने इतका करावा, की एकाच मुलाचे दोनदा घेतलेले माप जुळावे. मापनातील अर्ध्या सेंटिमीटरची चूक एका मुलाच्या बाबतीत क्षुल्लक वाटते; पण हजारो मुलांच्या पाहणीत सर्वांची उंची तेवढीच कमी धरली गेली, तर तिच्यामुळे एखाद्या तालुक्यातील खुरट्या मुलांची टक्केवारी बदलू शकते.

शेवटी, ज्या घरात तो मोजमाप करण्यासाठी जातो, त्या घरातील माणसांशी वागण्याची रीत त्याने शिकली पाहिजे. चुलीपाशी बसलेली गृहिणी पातेल्यातले अन्न कोणाला किती वाढते, स्वतः केव्हा जेवते आणि तिच्या ताटात काय उरते, याची नोंद कोणत्याही यंत्राने होत नाही. ती नोंद मिळाली नाही, तर कुटुंबाच्या आहाराचा आकडा बरोबर येऊनही त्या कुटुंबातील गरोदर सुनेच्या पोटात काय गेले हे अज्ञातच राहते. आणि मुंबईत शंभर वर्षांपूर्वी जी स्त्री दगावत होती, ती नेमकी हीच होती.